गॅरेजचं दार अर्ध्यावरून परत का जातं? मिचकावणाऱ्या दिव्याची भाषा

गाडी आत घेतली, बटण दाबलं, दार खाली यायला लागलं. कमरेपर्यंत आलं, थबकलं आणि आल्या वाटेने परत वर गेलं. छताला टांगलेल्या मोटरवरचा दिवा मिचमिच करत राहिला. वाटेत तर काहीच नाही. ना सायकल, ना झाडू. पुन्हा बटण, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला माणूस वैतागतो आणि चौथ्या खेपेला दुरुस्तीवाल्याला फोन लावतो.

फोन लावायच्या आधी पाच मिनिटं खाली जमिनीवर बसा, अगदी खरोखर मांडी घालून. दिवा छताजवळ मिचकावत असला तरी दुखणं बहुतेक वेळा जमिनीलगत असतं. शिवाय तो दिवा ‘हे मोडलंय’ असं म्हणत नसतो. ‘मला खात्री वाटत नाही’ एवढंच त्याचं म्हणणं असतं. कशाची खात्री, ते शोधणं म्हणजेच ही दुरुस्ती.

## दार मोटर उचलत नाही

छताला लावलेल्या यंत्राला ओपनर म्हणतात. त्यात एक मोटर, दाराला ओढणारी साखळी किंवा पट्टा आणि सगळ्याचा हिशेब ठेवणारा सर्किट बोर्ड असतो. ही मोटरच एवढं जड दार उचलते असं आपण धरून चालतो. तसं नसतं. दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार सहज सत्तर-शंभर किलो भरतं आणि ते वजन पेलते ती दाराच्या वर आडव्या दांड्यावर बसवलेली, पीळ भरलेली स्प्रिंग. तराजूच्या एका पारड्यात दार आणि दुसऱ्यात स्प्रिंग, असं समजा. पारडी सारखी असली की काटा बोटाने हलतो. ओपनर म्हणजे ते बोट.

पण एकदा ढकलायला लागलं की या बोटाला खाली काय आहे ते दिसत नाही. गाडीचा मागचा भाग, झोपलेलं मांजर, चेंडूमागे पळत आलेलं पोर, त्याच्या दृष्टीने सगळं एकच. म्हणून यंत्राला दोन प्रकारची सावधगिरी शिकवलेली असते. पहिली स्पर्शाची: खाली जाताना काही लागलं, जोर जास्त द्यावा लागला, तर उलट फिर. दुसरी स्पर्शाच्या आधीची, म्हणजे नजरेची. दिव्यांची बहुतेक भानगड या नजरेपायी होते.

## दोन डोळे आणि एक हुंकार

दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून साधारण सहा इंचांच्या आत, आगपेटीएवढ्या दोन डब्या एकमेकींकडे तोंड करून बसवलेल्या दिसतील. हे सेन्सर. एक डबी अवरक्त किरण पाठवते (टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तसाच, डोळ्याला न दिसणारा), दुसरी तो झेलते. किरण अडला म्हणजे दारात काहीतरी आहे.

इथवर सोपं आहे. पुढची गोष्ट मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते.

झोपताना मुलाला गोष्ट सांगायची तर त्याने हुंकार द्यायचा असतो. ‘हं… हं…’ येत असलं की आपण पुढे सांगतो. हुंकार थांबला की आपणही थांबतो. मूल झोपलं की रुसलं की उठून पळालं, ते अंधारात कळत नाही, पण गोष्ट पुढे न्यायची नाही एवढं कळतं. किरण झेलणारा सेन्सर ओपनरला असाच हुंकार देत असतो. किरण मिळतोय तोवर तारेवरून त्याचे ठोके चालू राहतात. ‘वाट मोकळी, वाट मोकळी.’ ठोके थांबले की ओपनर दार खाली नेत नाही.

आता उलटही करता आलं असतं. एरवी सेन्सर गप्प बसेल आणि काही आडवं आलं तरच ओरडेल. मग तार तुटली, उंदराने कुरतडली, सेन्सरच मेला, तरी यंत्राला शांतताच ऐकू आली असती आणि त्याने दार खुशाल खाली आणलं असतं. हुंकाराच्या पद्धतीत हा धोका राहत नाही. शांतता झाली की ती धोक्याची खूण. म्हणूनच वाटेत काही नसतानाही दार अडून बसतं: सरकलेला सेन्सर, तुटलेली तार आणि खरंच उभं असलेलं मूल, तिन्हींचा आवाज ओपनरला सारखाच येतो, म्हणजे येतच नाही.

## दार नेमकं कुठून परतलं?

दिवे बघायच्या आधी हा एक प्रश्न स्वतःला विचारा. निम्मं निदान यातच होतं.

बटण दाबल्यावर दार जागचं हललंच नाही किंवा जेमतेम हलून परत गेलं, आणि दिवा मिचकावला, तर हुंकार मुळातच येत नाहीये. दार अर्ध्यावर येऊन परतलं, तर हुंकार येत होता आणि मध्येच तुटला. यात बहुधा सेन्सर जिच्यावर बसवलेला असतो ती पट्टी सैल असते. दार चालायला लागलं की रूळ थरथरतो, रुळावरची पट्टी थरथरते आणि किरण चुकतो. दार थेट जमिनीला टेकलं आणि मग वर गेलं, तर सेन्सरना दोष देऊ नका. तिथे दाराने जमिनीलाच अडथळा समजलंय. ‘खाली कुठे थांबायचं’ आणि ‘किती जोर लावायचा’ ही ओपनरमधली मापं हललीत. ती कशी लावायची हे मॉडेलच्या पुस्तिकेत असतं आणि काम अवघड नसतं.

## खाली बसून बघायचं ते

प्रत्येक सेन्सरवर एक इवलासा दिवा असतो. चेंबरलेन आणि लिफ्टमास्टर या नावांच्या बहुतेक यंत्रांत किरण पाठवणाऱ्या डबीवर पिवळसर आणि झेलणाऱ्या डबीवर हिरवा. दुसऱ्या कंपन्यांची रंगांची जोडी वेगळी असू शकते, पण तत्त्व तेच.

पाठवणाऱ्याचा पिवळा दिवा फक्त एवढंच सांगतो की त्याला वीज मिळतेय. त्याचं तोंड भिंतीकडे वळवा, तरी तो जळतच राहील. खरा साक्षीदार हिरवा. तो स्थिर असेल तर किरण पोचतोय. विझलेला असेल तर नाही. लुकलुकत असेल तर धड पोचतही नाही आणि धड चुकतही नाही, काठावर आहे. दोन्ही दिवे बंद असतील तर सेन्सरपर्यंत वीजच येत नाही. तेव्हा नजर तारेकडे वळवा.

पिवळा चालू आणि हिरवा बंद असेल तर आधी काच पुसा. हसू नका, कोरड्या मऊ फडक्याने खरंच पुसा. जमिनीपासून चार-सहा इंचांवर बसणाऱ्या वस्तूवर काय काय साचतं! चाकांची धूळ, चिखलाचे शिंतोडे आणि कोळ्याचं जाळं. कोळ्याला ही जागा फार आवडते. जाळ्याचा एखादा धागा वाऱ्याने काचेसमोर येतो-जातो आणि मग दार ‘कधी चालतं, कधी नाही’ होतं. असला अधूनमधूनचा बिघाड माणसाला सगळ्यात जास्त छळतो.

पुसून भागलं नाही तर दोन्ही डब्या एकमेकींच्या समोर आहेत का बघा. कुंचा टेकला, कचऱ्याचा डबा घासला की पट्टी वाकते. मागचा हाताने फिरवायचा नट थोडा सैल करा, डबी कणाकणाने हलवा आणि नजर हिरव्या दिव्यावर ठेवा. लागला, विझला, लागला… मग एका जागी तो घट्ट स्थिर होतो. तिथे नट आवळा. आवळताना डबी पुन्हा फिरते, म्हणून एका हाताने धरून ठेवावी लागते. शेवटी पट्टीवर बोटाने टिचकी मारा. दिवा लुकलुकला तर काम झालेलं नाही. दार चालताना रूळ त्या टिचकीपेक्षा कितीतरी जास्त हलतो.

## रोज संध्याकाळचा बिघाड

माझ्याकडचं दार एका हिवाळ्यात रोज संध्याकाळी अडून बसायचं. सकाळी ठीक, दुपारी ठीक, रात्री ठीक. गाडी घेऊन परतायच्या वेळी मात्र हटकून वर जायचं. काचा पुसल्या, नट आवळले, तारा हलवून पाहिल्या. दुरुस्तीवाल्याला रविवारी सकाळी बोलावलं, तर त्याच्यासमोर दार शहाण्यासारखं सात-आठ वेळा खालीवर झालं. तो काही न बोलता माझ्याकडे बघत होता.

मग एका संध्याकाळी वैतागून हिरव्या दिव्याच्या डबीपाशी उकिडवा बसलो. मावळतीचं ऊन दारातून तिरकं आत येऊन थेट तिच्या काचेवर पडलं होतं. सहज तळवा आडवा धरला. हिरवा दिवा लागला. हात काढला, विझला. पुन्हा धरला, लागला.

उन्हात अवरक्त प्रकाश भरपूर असतो. समोरच्या डबीचा किरण त्या झोतात बुडून जातो, भर दुपारी लावलेल्या पणतीसारखा. हिवाळ्यात सूर्य खालून आणि दक्षिणेकडून जातो, म्हणून त्याच दिवसांत ऊन तिथवर पोचत होतं. उपाय दोन. जाड पुठ्ठ्याची छोटी नळी करून काचेला टोपीसारखी बसवायची, किंवा दोन्ही डब्यांची अदलाबदल करायची, म्हणजे झेलणारी डबी सावलीकडच्या बाजूला येते. पाठवणारीला उन्हाचं काही वाटत नाही. तिला कुठे काय बघायचंय! मी अदलाबदल केली.

## तारेचं दुखणं ओळखायचं कसं?

सेन्सरपासून ओपनरपर्यंत दोन बारीक तारा जातात. भिंतीला त्या पिन ठोकून बसवतात आणि एखादी पिन तारेच्या आवरणात घुसलेली असते. वर्षभर काही होत नाही, मग एक दिवस दोन तारा आत एकमेकींना टेकतात. भिंतीतली तार उकरत बसण्यापेक्षा सोपी परीक्षा आहे. ओपनरचा प्लग काढा, दोन्ही सेन्सर सोडवून ओपनरजवळ आणा, हातभर नव्या तारेने थेट जोडा, एकमेकांसमोर धरा आणि प्लग लावा. आता दोन्ही दिवे लागले तर सेन्सर शाबूत आहेत, भिंतीतली तार बदला. तरीही लागले नाहीत तर सेन्सरची जोडी बदला.

## मिचकावणं मोजा

आतापर्यंत जमिनीवरचे दिवे झाले. छताजवळच्या ओपनरवर दोन वेगळ्या गोष्टी मिचकावतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे गॅरेज उजळवणारा मोठा दिवा. दार बंद करू पाहिलं आणि सेन्सरने अडवलं की चेंबरलेनच्या घराण्यातल्या यंत्रांत तो दहा वेळा मिचकावतो. हा फक्त निरोप, निदान नव्हे. निदान करतो तो ओपनरच्या अंगावर, रिमोट जोडायच्या बटणाशेजारी असलेला बारीक दिवा. तो ठरावीक वेळा मिचकावतो, थांबतो, पुन्हा तितक्याच वेळा मिचकावतो. खुर्चीवर चढून दोन-तीन फेऱ्या मोजायच्या.

याच घराण्यातल्या जुन्या मॉडेलांत एकदा म्हणजे सेन्सरची तार सुटली किंवा तुटली. दोनदा म्हणजे तारा आपसात टेकल्यात किंवा उलट्या जोडल्यात. तीनदा म्हणजे दुखणं भिंतीवरच्या बटणाकडे जाणाऱ्या तारेत आहे. चारदा म्हणजे सेन्सर जागचे किंचित सरकलेत, आणि नेहमी भेटतो तो हाच. पाचदा म्हणजे मोटर तापली असेल किंवा तिचे फेरे मोजणारा भाग बिघडला असेल. मोटर नुसती तापली असेल तर पंधरा-वीस मिनिटं गार होऊ दिल्यावर गाडी रुळावर येते. मुलं बटणाशी खेळत होती का, ते या वेळी विचारून घ्यावं. नव्या मॉडेलांत वर आणि खाली असे दोन बाण असतात आणि दोघांचं मिचकावणं वेगवेगळं मोजायचं: वरचा एकदा, खालचा चारदा, म्हणजे पुन्हा सरकलेले सेन्सरच. दुसऱ्या कंपनीचं यंत्र असेल तर ही गणती लावू नका, त्याची पुस्तिका बघा.

## ‘पण भिंतीवरचं बटण दाबून धरलं की होतं की बंद!’

होतं. मुद्दामच तशी सोय ठेवलेली असते. सेन्सर मेला म्हणून रात्रभर दार उघडं टाकायची वेळ येऊ नये यासाठी. पण अट बघा: दार जमिनीला टेकेपर्यंत बोट उचलायचं नाही. मध्ये सोडलं तर दार परत वर. याचा अर्थ यंत्र म्हणतंय की मला दिसत नाही, तुला दिसतंय ना? मग तू उभा राहा आणि बघ. अडीनडीला एक-दोन दिवस हे चालतं. महिनोन्‌महिने असंच बोटाने दार लावणारे लोक मला माहीत आहेत. त्यांचं बोट हळूहळू बघायचं विसरतं.

## ‘मग सेन्सर काढूनच टाकले तर?’

काढले तर हुंकार थांबतो, म्हणजे दार रिमोटने बंद होणारच नाही. यावर काही हुशार लोक दोन्ही डब्या छताजवळ एकमेकींसमोर चिकटवून टाकतात. हुंकार मिळत राहतो, दार चालतं. फक्त हुंकार देणारा आता दुसऱ्याच खोलीत बसलाय.

हे सेन्सर विक्रीवाल्यांच्या डोक्यातून आलेले नाहीत. उतरत्या दाराखाली सापडून लहान मुलं दगावत होती, म्हणून अमेरिकेत १९९० साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती ओपनरना स्पर्शाने उलट फिरण्याच्या जोडीला आणखी एक स्वतंत्र संरक्षण सक्तीचं झालं. किरणाचे डोळे हा त्यातला रूढ मार्ग. विजेवर चालणारा गॅरेज ओपनर तिथे १९२६ पासून आहे, म्हणजे या डोळ्यांना यायला सहासष्ट वर्षं लागली. तुमच्या दाराला डोळेच नसतील तर यंत्र बहुधा त्याआधीचं आहे आणि ते बदलायलाच हवं.

## सगळे दिवे नीट, पण रिमोट मुका

भिंतीवरच्या बटणाने दार चालतं, रिमोटने नाही, तर सेन्सरकडे जाऊच नका. भिंतीवरच्या बटणांच्या पट्टीवरचा दिवा मिचकावतोय का? मग कुणीतरी कुलपाचं बटण दाबून ठेवलंय. प्रवासाला जाताना रिमोट बंद करून ठेवायची ती सोय असते. पुन्हा काही सेकंद दाबून धरलं की सुटतं. साफसफाई करताना धक्का लागून हे कितीदा होतं!

दुसरा संशयित अनपेक्षित आहे: ओपनरमध्ये नवा लावलेला एलईडी बल्ब. काही एलईडी बल्बांच्या आतला बारीक सर्किट रेडिओ लहरींचा गोंगाट करतो आणि रिमोटची हाक त्यात हरवते. दाराच्या अगदी जवळ आल्यावरच रिमोट चालत असेल तर बल्ब काढून पाहा. बाहेरूनही गोंगाट येऊ शकतो. २००४-०५ च्या सुमारास अमेरिकेत काही लष्करी तळांच्या आसपास घरोघरचे रिमोट एकाएकी थंडावले. लष्कराची नवी रेडिओ यंत्रणा नेमकी ३९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलू लागली होती आणि बरेच रिमोटही तिथेच बोलत होते.

## दर अर्ध्या मिनिटाला बीप

ओपनरमध्ये बॅटरी असेल तर तिचा वेगळा दिवा असतो. वीज गेली की ती दार चालवते. कॅलिफोर्नियात २०१७ च्या वणव्यांत वीज गेल्यावर लोकांना दारं उघडता येईनात, आणि १ जुलै २०१९ पासून तिथे नव्या घरगुती ओपनरला बॅटरी सक्तीची झाली. चेंबरलेनच्या पद्धतीत हिरवा स्थिर म्हणजे भरलेली, नारिंगी म्हणजे आत्ता वीज नाही आणि बॅटरीवर काम चाललंय. लाल आणि तीस सेकंदांनी बीप, म्हणजे बॅटरी संपली, नवी घाला. नारिंगी दिसला तर मोडतोड करण्याआधी प्लग आणि फ्यूज बघा. दिवा बहुधा खरं बोलतोय.

## ‘कुठलाच दिवा मिचकावत नाही, म्हणजे सगळं ठीक?’

नाही. स्प्रिंगला दिवा नसतो. साधारण स्प्रिंग दहा हजार वेळा उघडझाप होईल अशा हिशेबाने बनवतात. दिवसाला चार वेळा धरलं तर सात वर्षांच्या आत तिचं आयुष्य सरतं. दार जड वाटू लागणं, मोटर कण्हू लागणं या तिच्या खुणा. मोठा फटाका वाजल्यासारखा आवाज झाला आणि वरच्या स्प्रिंगेत दोन बोटांची फट दिसली, तर ती तुटली. मग तराजूचं एक पारडं रिकामं झालेलं असतं आणि शंभर किलो त्या बोटावर आलेले असतात. अशा वेळी बटण दाबू नका, आणि दार उघडं असेल तर ओपनरपासून लोंबणारी लाल दोरी मुळीच ओढू नका. ती दोरी दाराला मोटरपासून सोडवते आणि सगळं वजन सरळ खाली येतं. स्प्रिंगेत भरलेला पीळ हात मोडू शकतो, त्यामुळे ते काम जाणकाराचं. या लेखातलं बाकी सगळं घरी करून बघा, हे नको.

स्प्रिंग धड आहे का, हे दार पूर्ण बंद असताना तपासा. लाल दोरी ओढा आणि दार हाताने कमरेइतकं उचलून हळूच सोडा. तिथेच राहिलं तर तोल ठीक आहे. धाडकन खाली किंवा सरसर वर गेलं तर स्प्रिंग बिघडली.

आणि महिन्यातून एकदा स्पर्शाची परीक्षा घ्या, कारण तिलाही दिवा नाही. दीड इंच जाडीची लाकडी फळी दाराच्या मधोमध जमिनीवर आडवी ठेवा. सेन्सरचा किरण तिच्या वरून जातो, त्यामुळे डोळ्यांना ती दिसत नाही. बटण दाबा. दार फळीला टेकलं की दोन सेकंदांत परत फिरायला हवं. दाबत राहिलं तर जोराचं माप पुस्तिकेप्रमाणे कमी करून पुन्हा पाहा. तरीही फिरलं नाही तर ओपनरचा प्लग काढा, आणि कुणी येऊन बघेपर्यंत दार हाताने उघडा-लावा.